अडीच महिन्यांचे वाळवंट

एप्रिलच्या मध्यापासून मृगाच्या सरी येईपर्यंत जबलपूरची हवा जैसलमेरशी नाते सांगते. दुपारी पारा ४२च्या आसपास, आर्द्रता पंधरा-वीस टक्के, आणि रस्त्यावर लू. जूनच्या उत्तरार्धात हेच शहर पार पालटते आणि वर्षाकाठी जैसलमेरच्या सहापटीहून अधिक पाऊस अंगावर घेते. ऊर्जा संवर्धन इमारत संहितेने जैसलमेरला उष्ण-कोरड्या विभागात आणि जबलपूरला, नागपूरप्रमाणेच, संमिश्र विभागात घातले आहे ते याचसाठी. गिऱ्हाईक मात्र फोनवर राजस्थानी हवेल्यांचे फोटो दाखवते. आपण वास्तुरचनाकार आणि कंत्राटदार मंडळी त्या फोटोंतली जाळी उचलतो, चुन्याची पांढरी गच्ची मात्र तिथेच सोडून येतो. आमचे म्हणणे एवढेच, की वाळवंटातल्या घराकडून घ्यायचे ते छपरापासून घ्यावे. कूलर, एसी आणि सुट्टीतला प्रवास यांचा विचार त्यानंतर.

या अडीच महिन्यांवर सरकारचा जुना तोडगा होता तो मुक्काम हलवण्याचा. १८६१ साली मध्य प्रांत झाला, राजधानी नागपूर. पुढे उन्हाळ्यात प्रांताचे सरकार पचमढीला जाऊ लागले. जबलपूर-इटारसी मार्गावरच्या पिपरियाला उतरायचे आणि घाट चढायचा. महाकोशलातली मराठी घरेही तोच शिरस्ता पाळतात : पचमढी, अमरकंटक, नाहीतर मुलांचे आजोळ. प्रवासाला आमची हरकत नाही, पण हिशेब करून पाहावा. पचमढी सुमारे १,०६७ मीटरवर, जबलपूर चारशेच्या किंचित वर. हजार मीटरला साडेसहा अंश या ढोबळ नियमाने उंचीमुळे मिळणारा फरक चार-साडेचार अंशांचा. जंगलाची सावली आणि रात्रीचा गारवा वेगळा, तो नाकारत नाही. तरी एवढ्या अंशांसाठी एक अख्खे सरकार फाइलींसकट डोंगर चढत होते, आणि तेवढ्याच अंशांवर आपण नकाशा काढताना सहज पाणी सोडतो. शिवाय घरातली सगळी माणसे जातात असेही नाही. दुकान, दवाखाना, परीक्षा, अंथरुणाला खिळलेले वडीलधारे, कोणी ना कोणी मागे राहतेच, आणि घर त्यांच्यासाठी बांधायचे असते.

छपराचा आग्रह का, ते सूर्यच सांगतो. कर्कवृत्त शहराच्या थोडे उत्तरेकडून जाते. मेच्या मध्यावर भर दुपारी सूर्य डोक्यापासून जेमतेम चार-साडेचार अंश ढळलेला असतो. दक्षिणेच्या खिडकीवरचा फूटभर छज्जासुद्धा त्या वेळी संपूर्ण भिंत सावलीत ठेवतो, आणि तरी आपण दक्षिणेलाच सगळ्यात जास्त घाबरतो. ऊन बसते ते गच्चीवर. उघडा काळपट स्लॅब दुपारी साठ अंशांच्या घरात जातो आणि साठवलेली उष्णता रात्री झोपणाऱ्याच्या अंगावर सोडतो. खाली पंखा लावला की तो छताजवळची तीच गरम हवा खाली ढकलतो. २०१८च्या इको निवास संहितेने छपरातून आत येणाऱ्या उष्णतेवर दर चौरस मीटरला, दर अंशामागे १.२ वॉटची मर्यादा घातली आहे. नुसता स्लॅब तिच्या अडीच-तीन पट उष्णता आत घेतो. ब्रिकबॅट कोबा आपण गळतीसाठी घालतोच. त्याखाली उष्णतारोधक थर आणि वर पांढरी चायना मोझॅक हा खर्च एकदाचा आहे. ‘वर अजून एक मजला चढवायचा आहे, आत्ता गच्चीवर पैसे कशाला?’ हा मालकाचा प्रश्न रास्त आहे. त्याला दर फाल्गुनात चुन्याचे दोन हात सुचवावेत. मजला चढेपर्यंत तेवढे पुरते.

पश्चिमेची गोष्ट वेगळी. मे-जूनमध्ये सूर्य पश्चिमेच्याही उत्तरेला कलून मावळतो, म्हणजे साडेचारचे ऊन तिरके आणि थेट येते. तिथे छज्जा कुचकामी. चिक, जाळी, वेल किंवा झाड हवे, आणि तेही भिंतीच्या बाहेर. आतला पडदा ऊन अडवतो खरा, पण ते काच ओलांडून आल्यावर. चारला तापलेली नऊ इंची भिंत आत बोलू लागते ती रात्री दहा-अकराला, निजायच्या वेळी. म्हणून पश्चिमेला शयनगृहापेक्षा जिना, न्हाणीघर, कोठीची खोली बरी.

आता कूलर. ४२ अंश आणि पंधरा टक्के आर्द्रतेला ओल्या बल्बचे तापमान साधारण २२ येते. ताट्या नीट भिजत असतील तर २७च्या आसपासची हवा आत येते. पंधरा अंश! पचमढीच्या तिपटीहून जास्त. पण ही हवा जायची कुठून, हा प्रश्न नकाशात कुठेच सापडत नाही. दर मिनिटाला हजार घनफूट हवेमागे समोरच्या बाजूला दोनेक चौरस फूट उघडी जागा लागते. ती नसली की खोली दमट होते, चादर चिकटते आणि दोष कूलरच्या माथी जातो. जुन्या कवेलूच्या घरांत छताजवळ रोशनदान असे, ते आपण काढून टाकले. ते परत आणण्यात मागासलेपणा काही नाही.

पाण्याचा आक्षेप मात्र खरा आहे. तीन हजार घनफुटांचा कूलर भर दुपारी तासाला तीस-पस्तीस लिटर पाणी उडवतो. नर्मदाकाठच्या शहरातही टँकरवर जगणाऱ्या वस्तीत हे परवडत नाही. म्हणूनच क्रम महत्त्वाचा : छप्पर आणि पश्चिम आधी सांभाळली, तर निम्म्या क्षमतेच्या कूलरवर भागते आणि पाणीही निम्मे लागते. दुसरा आक्षेप असा, की हे सगळे टाळून सरळ एसी लावावा. जुलैच्या उकाड्यात कूलर हतबल होतो, तेव्हा एसीला पर्याय नाही हे मान्यच. पण एसीला बंद खोली लागते आणि कूलरला उघडी. दोन्ही एकाच खोलीत बसवले, की कूलरने हवेत सोडलेले पाणी काढण्यात एसीची वीज जाते. एक खोली घट्ट बंद होणारी, बाकीचे घर वाहते, असा सरळ विभाग नकाशातच करावा.

राहिले कुलूपबंद घर. घरधनी पंधरा दिवस पचमढीला किंवा पुण्याला जातो, त्या काळात बंद घर दिवसभर तापते आणि रात्री निवायला वाट नसते. छताजवळ जाळी लावलेली, पाऊस आत न येणारी एखादी झडप असली तर पहाटे २६-२७ अंशांपर्यंत उतरलेली हवा आपोआप खेळते. ताबा देताना किल्ल्यांबरोबर एक कागदही द्यावा. कूलरची टाकी रिकामी करून घासून पुसावी, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी कोरड्या कडेला महिनोन्महिने टिकून राहतात. सिलिंडरचा रेग्युलेटर बंद, इन्व्हर्टरच्या बॅटरीचे पाणी पाहिलेले. आणि एक गोष्ट, जी मालकाला कोणी सांगतच नाही : नहाणी ट्रॅपमधले दोन बोटे पाणी मेच्या हवेत उडून जाते, आणि गटाराचा वास, झुरळे यांना घर मोकळे होते. निघायच्या दिवशी ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओतून वर चमचाभर गोडेतेल सोडावे. तवंगाखाली पाणी टिकते.