माणशी अर्धा एकर

माणसाला चाळिशी लागली, की त्याला दोन गोष्टी हव्याशा वाटू लागतात. एक चष्मा आणि दुसरी जमिनीचा तुकडा. चष्मा मी पाच वर्षांपूर्वीच घेतला. जमिनीचे मात्र राहून गेले होते. आमच्या कॉलेजातील अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी पानशेतकडे आणि रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी मुळशीकडे फार्महाउस बांधले, तेव्हापासून आमच्या घरात माझ्या मराठीच्या एम. ए.चा वेळीअवेळी उद्धार होऊ लागला. "तुम्ही जन्मभर निसर्गकविता शिकवायच्या आणि निसर्ग विकत घ्यायचा दुसऱ्यांनी!" असे आमच्या मंडळींचे म्हणणे. ते अगदीच चूक होते असे मला म्हणवत नाही.

शेतजमीन घ्यायची तर कायद्याने शेतकरी असावे लागते. ती अडचण मला नव्हती. कोकणातल्या आमच्या वडिलोपार्जित जमिनीच्या सातबाऱ्यावर बत्तीस नावे आहेत, त्यांत एक माझे आहे. त्या जमिनीत माझ्या वाट्याला बहुधा एक फणस आणि अर्धी पायवाट येते. पण मी शेतकरी आहे.

तर असा हा शेतकरी नवरात्रात एके दिवशी जमीन पाहायला भोर तालुक्यातील भोंगवलीला गेला. एजंटाच्या कागदावर "नीरेचे खोरे, डोंगराचा देखावा, बारमाही पाणी" अशी वर्णने होती. इतकी विशेषणे आमच्या संतकवींनीही एका ओळीत बसवली नसतील. माझा एक जुना विद्यार्थी तिथलाच. "सर, आधी आमच्या आप्पांना भेटा, मग जमीन बघा," असे त्याने बजावले होते.

आप्पांनी चहा दिला, शेत दाखवले. घेवड्याच्या वेलांना शेंगा लोंबत होत्या, भुईमूग काढून झाला होता. बांधावरून चालताना त्यांनी एकदम विचारले, "सर, घरात माणसं किती?"

मला वाटले, जेवायला कधी येणार हे विचारताहेत. मी म्हटले, "चौघं. आई धरून पाच."

"मग अडीच एकराचं पाणी तुमचं. त्याच्या वर न्हाई."

मी बुचकळ्यात पडलो. मला तर अकराच गुंठे हवे होते! पाण्याचा हिशेब माणसे मोजून करतात, हे मी कुठल्याच व्याकरणात वाचले नव्हते. मग आप्पांनी सांगितले. त्यांची सासुरवाडी पुरंदर तालुक्यातली, नायगावच्या बाजूची. हा हिशेब त्यांनी तिथेच ऐकला होता.

१९७२चा दुष्काळ अजून ज्यांच्या बोलण्यात येतो, अशी माणसे आता थोडी उरली आहेत. त्या दुष्काळात खडी फोडणारी माणसे पाहून पुण्याचे एक इंजिनियर आणि कारखानदार, विलासराव साळुंखे, अस्वस्थ झाले. त्यांनी नायगावला देवस्थानची सुमारे चाळीस एकर माळजमीन कराराने घेतली, बांध घातले, पाणी अडवून जमिनीत मुरवले, खाली विहीर काढली आणि तेच पाणी वर उचलून शेताला दिले. एवढे तर कोणीही हुशार इंजिनियर करील. त्यांचे खरे काम पुढचे. पाणी आल्यावर ते वाटायचे कसे, याचे नियम त्यांनी गावकऱ्यांबरोबर ठरवले, आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली.

नियम मोजके होते. पाणी जमिनीवर नाही, माणसांवर मिळेल : माणशी अर्धा एकर, घराला जास्तीत जास्त अडीच एकर. ज्याला जमीन नाही, त्यालाही पाण्यात वाटा. खर्चातला काही भाग लाभ घेणाऱ्यांनी आधी स्वतः भरायचा. ऊस लावायचा नाही. आणि शेवटचा नियम ऐकून मी बांधावरच थबकलो : जमीन विकली, तरी पाण्याचा हक्क जमिनीबरोबर जात नाही. तो मंडळीकडे परत येतो.

माझ्या खिशातल्या कागदावर "बारमाही पाणी" असे छापलेले होते.

आप्पा ज्या खोऱ्यात राहतात, तिथे हा विचार सुचायला सबळ कारण आहे. नीरा भोरच्या डोंगरात उगम पावते. भाटघर, नीरा-देवघर, गुंजवणी ही धरणे इथल्याच दऱ्यांत आहेत. एकट्या भाटघरात साडेतेवीस टीएमसी पाणी मावते. त्याखाली भाताची खाचरे गेली, गावे गेली. नीरेचा डावा कालवा तर १८८५ पासून बारामती-इंदापूरकडे वाहतो आहे. तिकडे उसाचे फड उभे राहिले आणि इकडे धरणाच्या पायथ्याशी बाई हंडा घेऊन उन्हाळ्यात वाट तुडवत राहिली. पाणी कमी होते असे नाही. ते किती कोणाचे, हे तिला कोणी विचारले नव्हते.

"इथं आम्ही अकरा घरांनी मिळून ओढ्यावर बांध घातला," आप्पा म्हणाले. "विहीर सामाईक. पाळीपाळीनं पाणी. वर डोंगरावर कुऱ्हाड न्यायची न्हाई, असंही ठरलं. कागद केला न्हाई. शब्द दिला."

"मग?"

"मग एकानं जमीन विकली. पोरीचं लग्न होतं, त्याला तरी काय बोलायचं? घेणाऱ्यानं बोअर मारली, हिरवळ लावली. शिमग्याला आमच्या विहिरीत बादली खडकाला लागली."

तुम्ही पाहायला आलात, ती जमीन त्याच ओढ्याच्या काठी आहे, हे त्यांनी सांगितले नाही. मलाच दिसत होते. वरच्या अंगाला तारेचे कुंपण होते आणि कुंपणापलीकडे एक रिकामी झोपाळ्याची बाज वाऱ्यावर हलत होती. मी आप्पांना विचारले, "मी घेऊ नये, असं तुमचं म्हणणं?"

"न्हाई बा! सातबारा त्याचा, पैका तुमचा. मी नुसती माणसं विचारली."

मी जमीन घेतली नाही. घरी येऊन हे मोठ्या अभिमानाने सांगितले. मंडळींनी शांतपणे ऐकून घेतले. पण माझा त्याग फार दिवस टिकला नाही. दसऱ्यालाच विद्यार्थ्याचा फोन आला : ती अकरा गुंठे दुसऱ्या कोणी तरी घेतली. म्हणजे मी फक्त माझे हात धुऊन घेतले. ओढ्याला त्याचा थेंबभर उपयोग झाला नाही.

तेव्हापासून हीच गोष्ट मनात घोळते आहे. एकट्या माणसाच्या सज्जनपणाने खोरे राखले जात नाही. नियम सर्वांचा असावा लागतो आणि तो माणूस बदलला तरी टिकावा लागतो. विलासराव २००२ साली गेले. त्यांच्या योजनांपैकी काही पुढे मोडल्या हे खरे. पण नियम चूक ठरला म्हणून नव्हे, पाळणारे एकत्र राहिले नाहीत म्हणून. त्याच २००२ साली जैवविविधतेचा कायदा झाला. गावचे ओढे, झाडे, बियाणे यांची नोंद ठेवणारी समिती गावोगावी असावी, असे तो म्हणतो. कागद आहेत. आप्पांच्या अकरा घरांकडे शब्द होता, कागद नव्हता. दोन्हींची गाठ पडायला हवी.

परवा विद्यार्थी पुन्हा सांगत होता, आप्पांनी उरलेल्या दहा घरांची बैठक बोलावली आहे. या वेळी कागद करायचा आहे, आणि त्यात तो शेवटचा नियम लिहायचा आहे : जमीन गेली तरी पाणी जाणार नाही. कारखानदाराने केलेला नियम शेतकऱ्याला समजेल अशा मराठीत उतरवून द्यायला कोणी तरी हवे आहे म्हणे.

माझ्या एम. ए.चा उपयोग असा होईल, हे आमच्या मंडळींना अजून सांगितलेले नाही. भाऊबीज झाली की भोंगवलीला जायचे आहे. या खेपेला खिशात एजंटाचा कागद नसेल, कोरा असेल.