राज्यसभेतले बाबासाहेब

दर एप्रिलमध्ये इथे परदेशात आपल्या मंडळात आंबेडकर जयंती होते. भाषणं मनापासून होतात, पण बहुतेक १९४९ च्या घटनेपाशी येऊन थांबतात. फार तर हिंदू कोड बिल आणि १९५१ चा राजीनामा येतो. मग एकदम १९५६ ची नागपूरची दीक्षा. मधल्या काळात, एप्रिल १९५२ पासून अखेरच्या दिवसापर्यंत, बाबासाहेब राज्यसभेचे सदस्य होते, हे राहूनच जातं. माझं म्हणणं असं की, महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाला त्यांच्या संसदेतल्या कामापैकी सर्वांत जवळचं वाटावं असं काम याच वर्षांतलं आहे.

मी बालाघाटचा म्हणून हे लिहितो आहे. आमचा जिल्हा १८६७ मध्ये झाला, तो भंडारा, शिवनी आणि मंडल्याचे तुकडे जोडून. जुन्या मध्य प्रांतात राजधानी नागपूर, हायकोर्टही पुढे नागपूरलाच. १ नोव्हेंबर १९५६ ला नागपूर, भंडाऱ्यासह आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिलं. राजधानी भोपाळला गेली, हायकोर्ट जबलपूरला. गोंदिया मात्र होतं तिथेच, चाळीसेक किलोमीटरवर. सोयरीक तिकडे, मोठं दुखणं निघालं की नागपूर, आणि मुलांची शाळा हिंदीत, असा आमच्याकडच्या मराठी घरांचा संसार सुरू झाला. जिल्ह्यात हिंदी बोलणारे जास्त, शिवाय पोवारी आणि गोंडी. त्यामुळे जिल्हा कुठे जायला हवा होता हा वाद मला घालायचा नाही. रेघ कुठेही ओढली तरी थोडे लोक पलीकडे उरतातच. त्यांचं कोण बघणार, एवढाच माझा प्रश्न आहे.

हाच प्रश्न बाबासाहेबांनी २ सप्टेंबर १९५३ ला आंध्र राज्याच्या विधेयकावर बोलताना सभागृहात मांडला. भाषेवर राज्य उभं राहिलं की त्या भाषेतल्या एक-दोन बलवान जातींच्या हाती जमीन, नोकऱ्या, व्यापार सगळंच जातं, मग गावकुसाबाहेरच्या माणसाने कुणाकडे जायचं? लहान समाजांच्या रक्षणासाठी राज्यपालांच्या हाती काही खास अधिकार द्यावेत, अशी त्यांची मागणी होती. मग त्यांना ऐकवण्यात आलं की, ही घटना तर तुम्हीच केलीत. त्यावर ते उसळले. आपण भाडोत्री होतो, सांगितलं ते मनाविरुद्धही केलं, असं म्हणाले, आणि ही घटना जाळायला मीच पहिला पुढे येईन, असंही.

हे शेवटचं वाक्य आज भिंती-भिंतींवर फिरतं. आंबेडकरांचे विरोधक ते वापरतात, घटनेचे विरोधकही वापरतात. त्याच्या अगदी आधीचं म्हणणं कुणी देत नाही: थोड्या लोकांना बहुसंख्यांची भीती वाटत असेल तर ती घालवण्यासाठी बहुसंख्यांनीच हात पुढे करायचा असतो, लोकशाही त्यावरच चालते. राग आला तो ही गोष्ट सभागृहाच्या गळी उतरत नव्हती म्हणून. १९ मार्च १९५५ ला चौथ्या घटनादुरुस्तीच्या चर्चेत एका सदस्याने त्या वाक्याची आठवण दिली, तेव्हा त्यांनी खुलासाही केला: देवासाठी देऊळ बांधलं, पण देव बसायच्या आधीच तिथे राक्षस शिरला, तर देऊळ पाडण्यावाचून काय उरतं?

हरलेल्या माणसाचा हा त्रागा होता, असं काही जण म्हणतात. १९५२ मध्ये ते उत्तर मुंबईत हरले होते हे खरं, पण भंडाऱ्याची पोटनिवडणूक ते हरले १९५४ मध्ये, आंध्रच्या भाषणानंतर. शिवाय हा विचार एका दिवसाच्या संतापातला नव्हता. १९५५ च्या अखेरीस भाषावार राज्यांवर त्यांनी जे पुस्तक लिहिलं, त्यात तोच विचार आकडे आणि नकाशांसह आहे, आणि महाराष्ट्रात मराठा समाजाचं वर्चस्व राहील हेही स्पष्ट लिहिलं आहे. प्रादेशिक भाषा ही राज्याची राजभाषा असूच नये, हे त्यातलं मत मला पटत नाही. आपल्या भाषेत अर्ज लिहिता येणं ही गरिबासाठी फार मोठी गोष्ट आहे. पण ते मत देशाच्या ऐक्याच्या काळजीतून आलं होतं, आणि ती काळजी खोटी नव्हती.

या भाषणांचा उपयोग काय झाला, असं कुणी विचारेल. १९५४ मध्ये अस्पृश्यता गुन्हा विधेयकावर बोलताना त्यांनी नावालाच हरकत घेतली होती. कायद्याच्या नावात नागरी हक्कांचं रक्षण असावं, असं ते म्हणाले. तेव्हा कुणी ऐकलं नाही. १९७६ मध्ये त्याच कायद्याचं नाव बदलून नागरी हक्क संरक्षण कायदा झालं.

भाषिक अल्पसंख्याकांचं मात्र अर्ध्यावरच राहिलं. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३५०अ आलं: प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं म्हणून राज्याने पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न करावा. ३५०ब ने एक विशेष अधिकारी नेमला. तो चौकशी करतो, राष्ट्रपतींना अहवाल देतो, अहवाल संसदेपुढे ठेवला जातो. हुकूम देण्याचा अधिकार त्याला नाही. बाबासाहेबांनी १९५३ मध्ये राज्यपालांसाठी मागितला होता, तो नेमका असाच अधिकार. अहवालाने शाळेत मराठीचा शिक्षक येत नाही.

आणि हे गाऱ्हाणं फक्त बालाघाटच्या बाजूने मांडून भागणार नाही. महाराष्ट्रात आपण बहुसंख्य आहोत. तिथल्या गोंडी, कोरकू, भिली बोलणाऱ्या मुलांना पहिलीत बसल्यावर जे वाटतं, तेच आमच्याकडच्या मराठी मुलाला वाटतं. इथे परदेशात सरकारी शाळेत आपली भाषा शिकवावी म्हणून आपण सह्या गोळा करतो, निवेदनं देतो. तीच मागणी नंदुरबार किंवा मेळघाटातल्या कुणी केली तर तितक्याच जोराने तिच्या मागे उभं राहायला हवं.

मंडळाकडे माझी एक सूचना आहे. महाराष्ट्र शासनाने १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांच्या पंधराव्या खंडात ही सगळी भाषणं आहेत. येत्या जयंतीला व्याख्याता बोलावण्याऐवजी २ सप्टेंबर १९५३ चं भाषण, मधल्या टोकाटोकीसकट, आपल्यातल्याच चार-पाच जणांनी मराठीत करून पूर्ण वाचावं. त्यानंतरची चर्चा महाराष्ट्रात वाढलेल्यांनी सुरू करावी, आम्ही बाहेरचे मागाहून बोलू.