फितूर कोण: साक्षीदार की सरकार?

खैरलांजीबद्दल आपण पुष्कळ बोललो आहोत, पण त्यातली एक गोष्ट बहुतेक वेळा एका वाक्यात उरकली जाते. सुरेखा भोतमांगे आणि त्यांची मुलगी प्रियंका या साक्षीदार होत्या. सप्टेंबर २००६ मध्ये सिद्धार्थ गजभिये यांना झालेल्या मारहाणीच्या प्रकरणात त्यांनी पोलिसांना हल्लेखोरांची नावं सांगितली. २९ सप्टेंबरला त्या प्रकरणातले आरोपी जामिनावर सुटले आणि त्याच संध्याकाळी जमाव भोतमांगेंच्या घरावर चालून गेला. सुरेखा, प्रियंका, रोशन आणि सुधीर या चौघांना मारून टाकलं.

पुढे जे झालं ते आणखी विचार करायला लावणारं आहे. भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने २००८ मध्ये आणि नागपूर खंडपीठाने २०१० मध्ये आरोपींना दोषी ठरवलं, पण अॅट्रॉसिटी कायदा लावला नाही. कारण काय, तर हत्या जातीमुळे झाली नाही, आधीच्या प्रकरणातल्या साक्षीच्या सुडातून झाली. म्हणजे साक्षीदार म्हणून राज्याने त्या मायलेकींना संरक्षण दिलं नाही, आणि त्या साक्षीदार होत्या हेच कारण पुढे करून त्यांच्या मृत्यूतली जात पुसली गेली. दलित बाईने गावातल्या वरचढ जातीच्या माणसाविरुद्ध तोंड उघडलं, हाच जातीचा अपराध होता, हे कोर्टाला दिसलं नाही.

साक्षीदाराचं कायदेशीर संरक्षण हा विषय आपल्याकडे वकिलांचा मानला जातो. माझ्या मते तो वस्तीचा विषय आहे.

कायद्यात साक्षीदाराला दोन प्रकारचं कवच आहे. पहिलं, सरकारपासून: साक्ष देताना स्वतःच्या अंगावर येईल असं काही सांगावं लागलं, तर त्यासाठी त्याच्यावर खटला होऊ नये. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १३७ मध्ये हे आहे. जुन्या कायद्यात ते कलम १३२ होतं. प्रश्नाचं उत्तर टाळता येत नाही, पण भाग पडून दिलेलं उत्तर साक्षीदाराविरुद्ध वापरता येत नाही. अपवाद फक्त खोट्या साक्षीचा. याच कुळातला दुसरा मार्ग म्हणजे माफीचा साक्षीदार. गुन्ह्यात सामील असलेल्याने सगळं खरं सांगायचं कबूल केलं, तर न्यायालय त्याला माफी देतं.

दुसरं कवच आरोपीपासून: धमकी, मारहाण, बहिष्कार यांपासून.

या दोन्हींपैकी व्यवस्थेला पहिलं कवच नीट वापरता येतं, विशेषतः माफीचं. गांधीहत्येच्या खटल्यात पुण्याचा शस्त्रविक्रेता दिगंबर बडगे माफीचा साक्षीदार झाला आणि सुटला. २६/११ च्या कटातला डेव्हिड हेडली २०१५ मध्ये मुंबईच्या न्यायालयात माफीचा साक्षीदार झाला आणि २०१६ मध्ये अमेरिकेतून व्हिडिओ कॉन्फरन्सवर त्याची साक्ष झाली. हे चूक होतं असं मी म्हणत नाही; कट उघड करायला आतला माणूस लागतो. पण गुन्ह्यात हात असलेल्यासाठी राज्य एवढी यंत्रणा उभी करतं, तर ज्याचा काही गुन्हा नाही, ज्याने फक्त पाहिलं, त्या शेतमजुरासाठी काय उभं करतं?

मी हेब्बाळमध्ये राहतो. इथल्या उड्डाणपुलावरून उत्तरेला निघालं की रस्ता देवनहळ्ळीवरून चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यात जातो. त्याच जिल्ह्यात चिंतामणी तालुक्यात कंबालपल्ली आहे. ११ मार्च २००० रोजी तिथे सात दलितांना घरात कोंडून जाळण्यात आलं. २००६ मध्ये सगळे आरोपी निर्दोष सुटले, कारण साक्षीदार फितूर झाले. २०१४ मध्ये उच्च न्यायालयातही तेच कायम राहिलं. त्याच वर्षी २८ एप्रिलला अहमदनगर जिल्ह्यातल्या खर्ड्यात नितीन आगे या सतरा वर्षांच्या मुलाचा दिवसाढवळ्या खून झाला. नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी सुटले. कारण पुन्हा तेच. राज्यं दोन, भाषा दोन, वाक्य मात्र एकच: साक्षीदार फितूर झाले.

हा शब्दच तपासायला हवा. फितूर म्हणजे शत्रूला मिळालेला, गद्दार. इंग्रजी कायद्यातल्या ‘होस्टाइल’ला आपण हा शब्द दिला आणि सगळा दोष साक्षीदाराच्या चारित्र्यावर टाकून मोकळे झालो.

मागच्या पावसाळ्यात गावाहून माझ्या चुलत्यांचा फोन आला. मारहाणीच्या एका खटल्यात त्यांना समन्स आलं होतं. ‘बाळा, तू शिकलेला आहेस, सांग. जाऊ का नको?’ मी म्हटलं, ‘तात्या, जावंच लागतं.’ ते म्हणाले, ‘जायला मी भीत नाही. परत कुठं येऊ, ते सांग.’ ज्यांच्याविरुद्ध बोलायचं त्यांच्याच शेतावर सोयाबीन काढायला जायचं होतं. पाण्याचा टँकर त्यांचा, किराणा दुकानाची उधारी त्यांच्याच भावाकडे. साक्षीदाराला संरक्षण द्या म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बंदूकवाला पोलीस येतो. तात्यांना बंदूक नको होती. त्यांना दुसऱ्या दिवशीची मजुरी हवी होती.

विशेष म्हणजे कायद्याला हे माहीत आहे. अॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने आलेलं आणि २६ जानेवारी २०१६ पासून लागू असलेलं कलम १५अ वाचा. साक्षीदारांना धमकी, दबाव, आमिष यांपासून वाचवणं हे राज्याचं कर्तव्य आहे, असं ते स्पष्ट म्हणतं. प्रवासखर्च, निर्वाहखर्च, सामाजिक-आर्थिक पुनर्वसन, गरज पडल्यास दुसरीकडे वसवणं, हे सगळं त्यात आहे. धमकीची तक्रार तोंडी असली तरी तपास अधिकाऱ्याने ती नोंदवायची, एफआयआरची प्रत फुकट द्यायची, आणि त्या तक्रारीची चौकशी मूळ खटल्यापासून वेगळी ठेवून दोन महिन्यांत संपवायची. १९९५ च्या नियमांतला नियम ११ तर साक्षीला जाणाऱ्याला घराबाहेरच्या दिवसांचा निर्वाहखर्च, शेतमजुराच्या किमान वेतनापेक्षा कमी नाही इतका, द्यायला सांगतो.

याखेरीज सर्वोच्च न्यायालयाने ५ डिसेंबर २०१८ रोजी महेंदर चावला प्रकरणात साक्षीदार संरक्षण योजना देशभर लागू केली. अर्ज जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे करायचा, पोलिसांनी धोक्याचा अहवाल द्यायचा, आणि अहवाल आल्यावर पाच कामकाजाच्या दिवसांत निर्णय व्हायचा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९८ ने प्रत्येक राज्यावर अशी योजना आणण्याचं बंधन घातलं आहे. पण २०१८ च्या योजनेत ‘गुन्हा’ म्हणजे प्रामुख्याने सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेचा गुन्हा. अॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३(१) मधल्या जातिवाचक अपमान, बहिष्कार, जमीन बळकावणं या गुन्ह्यांना शिक्षा सहा महिने ते पाच वर्षं. म्हणजे आपल्या वस्तीत रोज घडणाऱ्या गुन्ह्यांचा साक्षीदार त्या योजनेच्या चौकटीबाहेरच राहतो. त्याच्यासाठी उरतं कलम १५अ, आणि ते त्याला कोणी सांगत नाही.

आता पहिल्या कवचाकडे परत येऊ. जुलै २०२५ मध्ये धर्मस्थळ इथल्या एका माजी सफाई कामगाराने, आपल्याला दबावाखाली अनेक मृतदेह पुरावे लागले, अशी तक्रार दिली आणि संरक्षण मागितलं. ऑगस्टमध्ये त्यालाच खोट्या साक्षीच्या आरोपाखाली अटक झाली. त्याचं म्हणणं खरं की खोटं हे न्यायालय ठरवील. मी त्यावर निकाल देत नाही. माझा प्रश्न पुढच्या माणसाचा आहे. जातीने ज्यांच्याकडे मढी ओढण्याचं, गटार उपसण्याचं, मालकाची घाण निस्तरण्याचं काम दिलं, ते दुसऱ्याच्या गुन्ह्याच्या सर्वांत जवळ उभे असतात. खरं सांगायचं तर आधी स्वतःचा हात दाखवावा लागतो. अशा माणसाने पोलीस ठाण्याची पायरी चढण्याआधी मोफत वकील आणि माफीच्या तरतुदीची माहिती मिळणं हा हक्क असला पाहिजे. तसं झालं तर खोटं बोलणाराही लवकर उघडा पडेल.

आणि जो दबावाने उलटतो त्याचं काय? शपथेवर दिलेला जबाब फिरवला तर खोट्या साक्षीचा खटला, सात वर्षांपर्यंत कैद. बेस्ट बेकरी खटल्यात जबाब बदलणाऱ्या झाहिरा शेखला सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये एक वर्षाची कैद दिली. माझं मत असं आहे की कलम १५अ खालचं कर्तव्य आपण पार पाडलं हे सरकारने आधी सिद्ध करावं, मगच अत्याचाराच्या खटल्यातल्या फिरलेल्या साक्षीदारावर बोट ठेवावं. तोपर्यंत त्याला खटल्यापासून अभय हवं. ही सवलत पगार आणि पेन्शन असलेल्या सरकारी नोकराला नको, आणि पैसे घेऊन उलटलेल्यालाही नको.

यावर एक आक्षेप रास्त आहे: साक्षीदाराला फार झाकलं तर आरोपीचा हक्क मारला जातो. यूएपीएच्या खटल्यांत नाव-गाव लपवलेल्या साक्षीदारांच्या जोरावर माणसं वर्षानुवर्षं तुरुंगात राहतात, आणि त्यांत आपलीही माणसं असतात. म्हणून मागणी गुप्त साक्षीदाराची नाही. साक्षीदाराने समोर उभं राहावं, उलटतपासणीला तोंड द्यावं, आणि संध्याकाळी घरी जाऊन चूल पेटवता यावी, एवढीच मागणी आहे.

निकालाने हे संपत नाही. कोप्पळ जिल्ह्यातल्या मरकुंबीच्या २०१४ च्या हल्ल्यात ऑक्टोबर २०२४ मध्ये १०१ जण दोषी ठरले, ९८ जणांना जन्मठेप झाली. महिन्याभरात त्यांतल्या बहुतेकांना उच्च न्यायालयातून जामीन मिळाला. गाव तेच, रस्ता तोच. संरक्षणाची खरी गरज तिथून पुढे सुरू होते.

जुन्या वतनी गावात शिवेचा वाद महाराच्या साक्षीने सुटायचा. गावाला त्याचा शब्द चालत होता, जोवर तो पाटलाविरुद्ध जात नव्हता. आजच्या कोर्टात त्याचा शब्द कोणाहीविरुद्ध चालतो, पण तो बोलण्याची किंमत अजून त्यालाच भरावी लागते.

घरातले पहिले पदवीधर म्हणून समन्सचा कागद वाचायला लोक आपल्याकडेच येतात. तेव्हा फक्त तारीख वाचून दाखवू नका. कलम १५अ खाली विशेष न्यायालयात द्यायचा अर्ज त्याच दिवशी लिहा, त्यात मजुरी, टँकर, उधारी सगळं मांडा आणि पोचपावती घ्या. उद्या साक्षीदार कोलमडला, तर राज्याला काय काय माहीत होतं याचा लेखी पुरावा आपल्या हातात असेल.