कॅमेऱ्याची गवसणी

जून महिन्यात नवी पुस्तके हाती आली, की आपण पहिले काम कोणते करतो? खाकी कागद आणतो आणि पुस्तकांना कव्हर घालतो. वस्तू झाकून ठेवण्याची आपल्याला मोठी आवड आहे. उशीला अभ्रा, गादीला खोळ, तलवारीला म्यान, तंबोऱ्याला गवसणी. किती वेगवेगळे शब्द आहेत पाहा! उर्दूतला ‘गिलाफ’ मराठीत येऊन ‘गलेफ’ झाला. आमच्या घरी तर टीव्हीच्या रिमोटलाही प्लॅस्टिकची पिशवी होती. ती पिशवी इतकी धुरकट झाली, की आतले आकडे दिसेनात. रिमोट मात्र नवा राहिला. त्याचा उपयोग काय, हे कोणी विचारले नाही.

मग डिजिटल कॅमेऱ्याला कव्हर घालावे की नाही? प्रश्न साधा वाटतो. ‘घालावे’ असेच कोणीही म्हणेल. मीही पूर्वी तसेच म्हणत असे.

आम्ही एकलहऱ्याचे. नाशिक रोडपासून जवळच, गोदावरीच्या काठी हे गाव आहे. १९७० च्या सुमारास येथे औष्णिक वीज केंद्र सुरू झाले. त्याच्या उंच चिमण्या दूरवरून दिसतात. माझे वडील त्याच केंद्रात नोकरीला होते. ते निवृत्त झाले, त्या वर्षी मोठ्या भावाने हप्त्यांवर डिजिटल कॅमेरा घेतला होता. लग्नाचे फोटो काढण्याचा धंदा त्याला सुरू करायचा होता. कॅमेऱ्यासाठी त्याने चामड्याचे जाड कव्हर आणले. त्याला तीन बटणे आणि एक पट्टा होता. कॅमेरा त्यात असा घट्ट बसे, की बाहेर काढायला दोन्ही हात आणि बराच वेळ लागे.

वडिलांच्या नोकरीचा शेवटचा दिवस आला. आम्ही सगळे फाटकाबाहेर उभे होतो. वडील हार घालून बाहेर आले. इतक्यात मागून त्यांचे सोबती धावले आणि त्यांनी वडिलांना खांद्यावर उचलून घेतले. वडील हसत होते आणि रडतही होते. आयुष्यात मी त्यांना असे एकदाच पाहिले. दादा तेव्हा तिसरे बटण उघडत होता. कॅमेरा बाहेर निघाला, तोवर वडील खाली उतरले होते आणि गर्दी वळली होती. तो फोटो आजही आमच्या भिंतीवर आहे. त्यात सात-आठ माणसांच्या पाठी दिसतात.

कॅमेरा सुरक्षित होता. त्यावर एक ओरखडाही नव्हता.

पण यावरून कव्हर अगदीच निरुपयोगी आहे, असे मी म्हणणार नाही. एकलहऱ्यात राहणाऱ्याने तसे म्हणूच नये. दगडी कोळसा जळला, की राख उरते. आपल्या देशातल्या कोळशात तर राखेचा भाग बराच असतो. ही राख पिठासारखी मऊ दिसते, पण ती मऊ नसते. तिच्यात वाळूतलेच सिलिका हे द्रव्य असते. तिचे कण बारीक आणि कठीण असतात. त्यात उन्हाळ्यात शेतातली माती उडते, रस्त्यावरची धूळ उडते. अशी धूळ लेन्सवर बसली आणि ती आपण रुमालाने खसाखसा पुसली, तर काचेवरच्या नाजूक लेपावर बारीक रेघा उठतात. म्हणून धूळ आधी रबरी फुग्याच्या हवेने उडवावी आणि मगच मऊ कापडाने लेन्स हलकेच पुसावी. तोंडाने फुंकर मारू नये, कारण तिच्यात थुंकीचे थेंब असतात.

आता बाजारात मिळणाऱ्या कव्हरांकडे पाहू. एक असते रबरासारख्या सिलिकॉनचे. ते कॅमेऱ्याच्या अंगाला घट्ट बसते आणि फोटो काढतानाही काढावे लागत नाही. सोय मोठी आहे. पण ते धूळ अडवते का? नाही. छोट्या कॅमेऱ्याची लेन्स पुढे-मागे सरकते, तेव्हा आतली हवा बाहेर जाते आणि बाहेरची आत येते. जणू कॅमेरा श्वासच घेतो. त्या श्वासाबरोबर धूळ आत शिरते, आणि नेमकी ती जागा कव्हराने झाकलेली नसते. उलट एखादा खडा कव्हराखाली अडकला, तर तो कॅमेऱ्याच्याच अंगावर घासत राहतो. बराच वेळ चित्रीकरण केले, तर कॅमेरा तापतो. ही उष्णता बाहेर पडायलाही अशा कव्हराची अडचण होते. हातातून कॅमेरा पडला, तर थोडा मार ते सोसते, हे खरे. पण पुढे आलेल्या लेन्सवर आपटला, तर कव्हर काय करणार? मला विचाराल, तर मनगटात अडकवायची साधी दोरी यापेक्षा जास्त उपयोगी आहे. तिच्यामुळे कॅमेरा पडतच नाही. गंमत म्हणजे ही दोरी बहुतेक कॅमेऱ्यांबरोबर फुकट मिळते आणि पुष्कळ लोक ती खोक्यातच ठेवून देतात.

दुसरे ते चामड्याचे, दादाने घेतले होते तसे. त्याची दुसरी गोष्ट सांगायची राहिली. त्या वर्षी पावसाळ्यात लग्ने नव्हती. दादाने कॅमेरा त्या कव्हरात घालून कपाटात ठेवला. श्रावण संपल्यावर बाहेर काढला, तेव्हा लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले. ती बुरशी होती. चामडे ओल धरून ठेवते. दमट आणि अंधारी जागा बुरशीला फार मानवते. ती वाढताना आम्ल सोडते आणि काचेवरचा लेप खाऊन टाकते. दादाने लेन्स साफ करून आणली, पण एक डाग राहिलाच. हप्ते अजून फिटायचे होते. त्या हंगामात त्याला दुसऱ्याचा कॅमेरा भाड्याने घेऊन काम करावे लागले.

आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला हे कोणी शिकवावे लागत नाही. द्राक्षांचे घड थंडीत गुलाबी पडू नयेत, म्हणून तो त्यांना जुन्या वर्तमानपत्राचा कागद गुंडाळतो. पण कांदा तो असा गुंडाळत नाही. कांद्यासाठी तो चाळ बांधतो. तिला वर छप्पर असते आणि चारही बाजूंनी वारा खेळत असतो. कांदा कोंडला, तर सडतो. एकाला कागद, दुसऱ्याला वारा! पावसाळ्यातला कॅमेरा कांद्याच्या जातीचा आहे. त्याला मोकळी हवा हवी, अधूनमधून हाताळणेही हवे. ते जमत नसेल, तर आईच्या पापडांची आठवण करावी. पापड खडखडीत वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतात. कॅमेराही तसाच कोरडा करून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवता येतो. सोबत ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी ठेवावी. नव्या चपलांच्या खोक्यात अशी पुडी मिळते, पण ती बहुधा ओल पिऊन दमलेली असते. म्हणून ताजी घ्यावी. (ही पुडी खायची नसते, हे लहान भावंडांना जरूर सांगा.)

‘कॅमेरा’ हा शब्दही आपल्या ओळखीचाच आहे. उर्दूत खोलीला ‘कमरा’ म्हणतात. तो पोर्तुगीज भाषेतून आला आणि ‘कॅमेरा’ हा त्याचाच भाऊ. दोघांचे मूळ लॅटिनमधले, अर्थ खोली. सुमारे हजार वर्षांपूर्वी इब्न अल-हैसम या शास्त्रज्ञाने अंधाऱ्या खोलीत बारीक छिद्रातून येणाऱ्या प्रकाशाचा अभ्यास केला होता. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनला गेले आणि तेथून चित्रपटाचा कॅमेरा घेऊन आले. १९१३ मध्ये त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांनी पाहिला. त्या काळचे कॅमेरे लाकडी पेटीचे असत. पेटी हेच कव्हर! १९७५ मध्ये अमेरिकेत स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा तयार केला. त्याचे वजन सुमारे साडेतीन किलो होते आणि एक चित्र टिपून ठेवायला त्याला तेवीस सेकंद लागत. अशा कॅमेऱ्यापुढे कव्हराचे एक बटण उघडायला लागणारा वेळ म्हणजे काहीच नव्हे. आजचा कॅमेरा डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात फोटो काढतो. अशा चपळ यंत्राला आपण तीन बटणांच्या कव्हरात बांधून ठेवतो.

गोदावरीच्याच काठी, एकलहऱ्याच्या खाली नांदूर मध्यमेश्वरचे पक्षी अभयारण्य आहे. २०२० मध्ये त्याला ‘रामसर’ पाणथळ जागेचा मान मिळाल्याचे जाहीर झाले. महाराष्ट्रात हा मान मिळालेली ती पहिलीच जागा. हिवाळ्यात तेथे दूरदेशीचे पक्षी येतात. तेथे अनुभवी छायाचित्रकारांना मी जवळून पाहिले आहे. पिशवी पाठीवर, कॅमेरा मात्र गळ्यात उघडा. एका हौशी पाहुण्याने कव्हराची चिकटपट्टी खर्रकन ओढली आणि समोरचा खंड्या उडून गेला. सगळ्यांनी त्याच्याकडे असे पाहिले, की मला त्याची दयाच आली. त्याच्या जागी मला दादा दिसला.

तेव्हा माझे मत असे आहे. कॅमेरा घरातून नेताना आणि आणताना पिशवी हवीच, आणि ती आतून मऊ हवी. पावसात फोटो काढायचे असतील, तर प्लॅस्टिकचे आवरण हवे. पण घरी येताच ते काढून कॅमेरा कोरडा करावा. लेन्सचे झाकण काम संपताच लावावे. फोटो काढण्याच्या जागी पोहोचल्यावर मात्र कॅमेऱ्यावर काहीही नको. पैसे खर्चून विकतचे घट्ट कव्हर घेण्याची गरज मला दिसत नाही. कोणी म्हणेल, “कॅमेरा विकायचा झाला, तर नवा दिसलेला बरा.” ज्याला विकायचाच आहे, त्याने खुशाल घ्यावे.

आता पुष्कळांकडे फोनच कॅमेरा झाला आहे. फोनचे कव्हर लेन्सची जागा उघडी ठेवते आणि फोन खिशातून लगेच निघतो. म्हणून त्याच्याशी माझे भांडण नाही.

दादा अजून लग्नाचे फोटो काढतो. चामड्याचे ते कव्हर आता आमच्या घरी खिळे ठेवायला वापरतात. कॅमेऱ्यासाठी आईने जुन्या दुलईची पिशवी शिवून दिली आहे. तिला बटण नाही, चेन नाही, नुसती एक नाडी आहे. फाटकाबाहेर, मांडवात, स्टेशनवर, कोठेही पोहोचला, की दादा आधी ती नाडी सोडतो आणि मग लोकांना नमस्कार करतो.