थ्री फेज आणि अकरावीचं गणित

आपल्याकडं 'लाईट आली का' यापेक्षा 'थ्री फेज आली का' हा प्रश्न जास्त विचारला जातो. हळदीला पाणी द्यायचं तर मोटारीला तीन फेज लागतात, हे कुरुंद्यात शाळेत न गेलेल्या माणसालाही ठाऊक आहे. पण त्याच घरातलं अकरावी सायन्सचं लेकरू 'कॉम्प्लेक्स नंबर' हा धडा 'ऑप्शनला टाकला' म्हणून सांगतं. हा धडा म्हणजेच थ्री फेज, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

थोडं गणित करू, घाबरू नका. १ चं घनमूळ किती? आपण म्हणणार १. पण घनमूळं तीन असतात. संख्या म्हणजे एका जागेवरून निघालेला बाण समजा. त्याला लांबी आहे आणि कोन आहे. दोन संख्यांचा गुणाकार केला की लांब्यांचा गुणाकार होतो, कोनांची बेरीज होते. घनमूळ काढताना त्याच्या उलट: लांबीचं घनमूळ घ्यायचं, कोनाला ३ नं भागायचं. आता खुबी बघा. १ चा कोन ० अंश. पण एक फेरा मारून आलं तर तोच ३६०, दोन फेरे मारले तर ७२०. तिन्हींना ३ नं भागा: ०, १२०, २४०. झाली तीन घनमूळं, वर्तुळावर सारख्या अंतरानं. डी मॉयव्हर (१६६७–१७५४) या गणितज्ञाच्या सूत्रातून हे निघतं. पाचवी मुळं हवी असतील तर ५ नं भागा, बाण ७२-७२ अंशांवर येतील.

आता डीपीवर या. तिन्ही फेज एकमेकींपासून १२० अंशांनीच मागंपुढं असतात. तीन बाणांची बेरीज शून्य: आडव्या दिशेला १ मधून अर्धा-अर्धा दोनदा वजा, उभ्या दिशेला एक जितका वर तितकाच दुसरा खाली. म्हणून तिन्ही फेजवर सारखा लोड असला की न्यूट्रलमधून करंट जवळपास जातच नाही. दोन बाणांच्या टोकांमधलं अंतर √३, म्हणजे १.७३२. घरातल्या २३० व्होल्टला त्यानं गुणा, ३९८ येतात. दोन फेजमध्ये मिळणारे चारशे व्होल्ट ते हेच. यातली एक फेज गेली की मोटार नुसती गुरगुरते आणि वेळेत बंद नाही केली तर जळते. रिवायंडिंगचा खर्च मी सांगायला नको. १८९३ मध्ये शिकागोच्या परिषदेत स्टाइनमेट्झ यांनी एसी विजेचा हिशोब याच संख्यांनी मांडला. इंजिनिअर आजही तो तसाच करतात.

दहावीपर्यंत मराठीत शिकलेलं लेकरू अकरावीत एकदम इंग्रजीत 'इमॅजिनरी' हा शब्द ऐकतं. त्याला वाटतं, काल्पनिकच आहे तर शिकायचं कशाला? मग गणित सोडून नुसतं बायोलॉजी. बोर्डाची परीक्षा बारावीला, तेव्हा अकरावी वाया गेली तरी चालतं, हा समज पालकांनी आणि कॉलेजांनी मिळून पक्का केलाय. नाव गावाकडच्या कॉलेजात, पोरगं नांदेड-लातूरच्या क्लासला, हे काही गुपित राहिलेलं नाही. हळदीचे पैसे तिकडं जातात, अन् हाती काय येतं? 'ओमेगाची बेरीज शून्य, पाठ करा.' सीईटीत अकरावीच्या अभ्यासक्रमाला साधारण २० टक्के वजन आहे, तरीही ही गत.

वसमत तालुक्यातल्या गणिताच्या सर-मॅडमना विनंती आहे. हा धडा घ्याल तेव्हा एक दिवस लाईनमनला वर्गात बोलवा. जळकी मोटार टेबलावर ठेवा, गावात त्यांना तोटा नाही. (लेकरांना डीपीजवळ मात्र नेऊ नका, आपल्या डीप्यांची अवस्था सगळ्यांना माहितीय.)

आणि ज्यांची मुलं यंदा अकरावीला आहेत त्यांनी आज जेवताना विचारा, ८ चं घनमूळ किती? '२' म्हणाली तर विचारा, बाकीची दोन कुठं गेली? काय उत्तर मिळालं ते कमेंटमध्ये टाका.