गिरगावचा रस्ता आणि गिरगावकर

८ ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबईच्या भुयारी मेट्रोच्या अखेरच्या टप्प्याचे उद्घाटन झाले आणि दुसऱ्या दिवसापासून आरे ते कफ परेड हा ३३.५ किलोमीटरांचा मार्ग सलग सुरू झाला. त्यावरील २७ स्थानकांपैकी काळबादेवी आणि गिरगाव ही दोन स्थानके जगन्नाथ शंकरशेट मार्गावर आहेत. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी १८५३ साली धावली, त्यामागे ज्या नाना शंकरशेटांची खटपट होती, त्यांच्याच नावाच्या रस्त्याच्या पोटातून आज गाडी धावते, हा योग समाधानाचा आहे. परंतु केवळ समाधान व्यक्त करून थांबणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. गिरगावात उतरण्याची सोय झाली. गिरगावात राहण्याची सोय कोणाची उरणार, हा प्रश्न अद्याप अनुत्तरित आहे.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. जुने ते सारे सोने, असे मानणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. चाळीचे गोडवे गाणारे बहुधा चाळ सोडून गेलेलेच असतात. एका खोलीत तीन पिढ्यांचा संसार, मजल्याच्या टोकाला सामायिक संडास, पावसाळ्यात जिन्याला लावलेले टेकू आणि रात्री छत अंगावर येईल ही धास्ती, यांत रम्य असे काही नाही. ज्यांनी हे सोसले त्यांस स्वतंत्र न्हाणीघर आणि पक्के छप्पर हवे असेल, तर तो त्यांचा हक्क आहे. मोडकळीस आलेल्या इमारती पाडू नका, असे आम्ही कदापि म्हणणार नाही.

तथापि चाळीबरोबर आणखी काय पडते, याचा हिशेब कोणी मांडीत नाही. गिरगावच्या रस्त्यावरील वर्दळ आपोआप आलेली नव्हती. खाली दुकाने, वर बिऱ्हाडे आणि मागे वाडी, अशी ती रचना. वाणी, शिंपी, घड्याळजी, पिठाची गिरणी आणि खाणावळ यांची दारे थेट पदपथावर उघडत. वरच्या गॅलरीत उभी राहिलेली गृहिणी स्वतःच्या मुलाबरोबर शेजारणीच्या मुलावरही नजर ठेवी. महिनाअखेरीस वाणी उधारी वहीत लिहून घेई, कारण गिऱ्हाइकाच्या खोलीचा क्रमांक त्यास पाठ असे. १८९३ साली केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, तोही अशाच शेजारामुळे.

ही वीण मेट्रोने उसवली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडेकरूंस संरक्षण दिले आणि त्या काळी ते आवश्यकच होते. पण भाडी गोठली, मालकास डागडुजी परवडेनाशी झाली, आणि इमारती खचत गेल्या. १९६९ च्या कायद्याने उपकर बसवून दुरुस्तीचे काम शासकीय मंडळाकडे सोपविले. रोग मात्र मुळातून बरा झाला नाही. इकडे खोली तेवढीच राहिली आणि कुटुंब वाढले. थोरला भाऊ खोलीत राहिला, धाकटा लग्नानंतर डोंबिवलीस किंवा बोरिवलीस गेला. परक्यांनी आम्हांस हुसकावले, असे सभेत सांगणे सोपे आहे. प्रत्यक्षात पुष्कळांना गर्दीनेच बाहेर काढले. आज गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी नेसून मिरवणाऱ्या कित्येक जणी दुपारच्या गाडीने उपनगरात परततात, हे आपण पाहतोच.

आता जे उरले आहेत त्यांची पाळी आहे. उपकरप्राप्त इमारतीच्या पुनर्विकासात भाडेकरूस किमान ३०० चौरस फुटांचे घर मालकीने मिळते. हा लाभ लहान नव्हे. पण ज्या निवृत्त कारकुनाने जन्मभर नाममात्र भाडे भरले, त्याने उद्वाहक, पंप आणि पहारेकरी यांचा मासिक खर्च कोठून द्यावा? तो देववेना म्हणजे घर विकणे आलेच. शिवाय अनेक नव्या मनोऱ्यांचे खालचे मजले मोटारींसाठी असतात आणि रस्त्याच्या बाजूस लांबच लांब भिंत व एक फाटक एवढेच उरते. वर शेकडो माणसे राहतात, परंतु त्यांचा रस्त्याशी संबंध मोटारीच्या काचेपुरताच. असा रस्ता रुंद होईल, स्वच्छही होईल. पण सायंकाळी सातनंतर त्यावरून एकटी मुलगी निर्धास्तपणे जाईल काय?

म्हणून आमचे म्हणणे तीन मुद्द्यांपुरते आहे. मेट्रोसाठी ज्यांची घरे व दुकाने गेली, त्यांस त्याच परिसरात पुन्हा वसविण्याचा शब्द शासनाने दिलेला आहे. तो जाहीर मुदतीत पुरा झाला पाहिजे. दुसरे, मुख्य रस्त्यावरील नव्या इमारतीचा तळमजला रस्त्याकडे उघडणाऱ्या दुकानांचाच असावा आणि तेथे जुन्या दुकानदारास पहिला मान असावा, ही अट महापालिकेने नकाशा मंजूर करतानाच घालावी. जुने क्षेत्रफळ मोजून दिले, पण गाळा आतल्या बाजूस पहिल्या मजल्यावर, तर शिंप्याने गिऱ्हाईक कोठून आणावे? तिसरे, देखभालीचा पुरेसा निधी रहिवाशांस ताबा देण्यापूर्वीच बँकेत जमा झालेला असावा.

शासनास सांगावयाचे ते सांगितले. आता चार शब्द आपल्यासच. घर मिळताच अधिक बोली लावणाऱ्यास ते देऊन मोकळे व्हावयाचे आणि पुढे गिरगाव राहिले नाही म्हणून हळहळावयाचे, यात सुसंगती नाही. ज्यास गरज आहे त्याने अवश्य विकावे. त्यास दोष देण्याचा अधिकार कोणासही नाही. पण ज्यास राहणे शक्य आहे, त्याने राहावे. आणि खालच्या वाण्याकडून सामान आणणे शक्य असेल, तर चार पायऱ्या उतरून ते आणावे. नानांचे नाव रस्त्यास कायम राहील, त्याची चिंता नको. त्या रस्त्यावर परस्परांस नावाने ओळखणारी माणसे राहतात की नाही, एवढेच आज ठरावयाचे आहे.