इसार देण्याआधी पोहोचा : महारेराला वाशिमहून खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष,
महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरण (महारेरा), मुंबई

महोदय,

वाशिममध्ये घर शोधायला निघालेले कुटुंब फ्लॅट पाहायला जात नाही, वावरात जाते. अकोला रस्ता, रिसोड रस्ता, हिंगोली रस्ता, पुसद नाक्याच्या पलीकडे, लाखाळ्याच्या पुढे. सोयाबीन निघालेल्या काळ्या रानात मुरमाचे दोन पट्टे ओढलेले असतात, चुन्याच्या रेघा मारलेल्या असतात, कोपऱ्यांवर सिमेंटचे ठेंगणे खांब रोवलेले असतात. गाडीच्या बॉनेटवर नकाशा पसरला जातो. कॉर्नरचा प्लॉट गेला, पूर्वाभिमुख दोनच उरले, संध्याकाळी आणखी एक पार्टी येणार आहे, असे सांगितले जाते. त्या कुटुंबाच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा व्यवहार या अर्ध्या तासात ठरतो. त्या अर्ध्या तासात महारेरा तिथे नसते, म्हणून हे पत्र.

महारेरा म्हटले की मुंबई-ठाण्याचे टॉवर, रखडलेले ताबे, चटई क्षेत्राचे वाद डोळ्यांसमोर येतात. पण 2016 चा स्थावर संपदा कायदा फक्त इमारतींसाठी नाही. जमीन विकसित करून तिचे भूखंड पाडणे हासुद्धा त्या कायद्याच्या व्याख्येत प्रकल्पच आहे, आणि 500 चौरस मीटरच्या वरच्या प्रकल्पाची नोंदणी केल्याशिवाय त्याची जाहिरात करता येत नाही, विक्री करता येत नाही, आगाऊ रक्कमही घेता येत नाही. 500 चौरस मीटर म्हणजे जेमतेम पाच गुंठे. पाच गुंठ्यांचा ले-आउट कोणी पाडत नाही. म्हणजे वाशिम, कारंजा, रिसोड, मंगरुळपीर, मालेगाव, मानोरा या सहाही तालुक्यांत पडणारा जवळपास प्रत्येक नवा ले-आउट कागदावर आपल्या अखत्यारीत येतो.

आणि हे ले-आउट पडताहेत ते काही हौसेखातर नाही. 1 जुलै 1998 ला अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या बारा लाखांच्या आत, आणि जिल्ह्याचे मुख्यालय असलेल्या वाशिम शहराची ऐंशी हजारांच्याही आत. 2018 मध्ये नीती आयोगाने महाराष्ट्रातले चार आकांक्षित जिल्हे निवडले, त्यांत नंदुरबार, गडचिरोली आणि तेव्हाच्या उस्मानाबादबरोबर वाशिमचे नाव होते. त्यानंतरच्या काही वर्षांत मात्र इथल्या जमिनीकडे पाहण्याची नजर बदलली. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा 11 डिसेंबर 2022 ला सुरू झाला. तो कारंजा, शेलूबाजार, मालेगावच्या परिसरातून जातो. अकोला-वाशिम-हिंगोली हा राष्ट्रीय महामार्ग रुंद झाला. ऑक्टोबर 2024 मध्ये राज्यातल्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांतले एक वाशिमचे.

महामार्गात शेत गेलेल्या अनेक घरांनी हाती आलेला पैसा प्लॉटमध्ये घातला. बाहेरगावचे गुंतवणूकदार आले, बदलीवर आलेले कर्मचारी इथेच थांबायचा विचार करू लागले. आणि सगळ्यांत मोठी रांग खेड्यातल्या शेतकऱ्यांची आहे. पोरापोरींची शाळा, शिकवणी, कॉलेज शहरात. म्हणून शहरात दोन खोल्या तरी हव्यात. सोयाबीनच्या भावावर ज्यांचे वर्ष चालते, अशी ही माणसे गुंतवणूकदारांशी स्पर्धा करत प्लॉट शोधताहेत. पाच-सहा वर्षांची शिल्लक, बायकोचे दागिने आणि सोसायटीचे कर्ज यांतून उभी राहणारी रक्कम एकदा चुकीच्या वावरात गेली, तर दुसऱ्यांदा ती उभी राहत नाही.

आता व्यवहार कसा होतो ते पाहावे. ले-आउटवाला बहुधा जमिनीचा मालक नसतो. तो शेतकऱ्याला इसार देतो, मुदत घेतो आणि त्या मुदतीत वावराचे तुकडे विकून मोकळा होतो. रजिस्ट्रीवर सही शेतकऱ्याची असते. नफा घेणाऱ्याचे नाव कुठल्याच कागदावर नसते. पुढे रस्ता अडला, मोजणीत प्लॉट सरकला किंवा एकच प्लॉट दोघांना गेला, की लोक शेतकऱ्याच्या दारात उभे राहतात. कायद्याने प्रवर्तकाची व्याख्या इतकी रुंद ठेवली आहे की जमीन विकसित करणारा आणि विकणारा वेगवेगळे असले तरी दोघांवरही जबाबदारी येते. ही गोष्ट ना त्या शेतकऱ्याला ठाऊक असते, ना घेणाऱ्याला. यात नाडले जाणारे दोघेही एकाच गावचे, कधी एकाच भावकीतले असतात.

कागदांचे तर किती प्रकार! अकृषक आदेश झालेला आणि नगररचनेकडून अंतिम मंजुरी मिळालेला ले-आउट हा एक. 'एनए होणार आहे, फाइल टेबलावर आहे' असे सांगून विकला जाणारा दुसरा. भोगवटादार वर्ग-2 ची जमीन परवानगीशिवाय विकायला काढलेला तिसरा. चौथा प्रकार तुकडेबंदीला वळसा घालणारा: 1947 च्या कायद्याप्रमाणे ठरलेल्या प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान शेतजमीन विकता येत नाही, 2023 मध्ये हे क्षेत्र जिरायतीसाठी 20 आणि बागायतीसाठी 10 गुंठे झाले. मग वीस गुंठे दहा-पंधरा जणांच्या नावे एकत्र खरेदी होतात. सातबाऱ्यावर सगळ्यांची नावे येतात, पण कोणाचा हिस्सा कुठला, हे फक्त चुन्याच्या रेघेला माहीत. पाचवा प्रकार सर्वांत घातक: नुसती नोटरी. पूर्वी शंभराच्या, आता पाचशेच्या मुद्रांकावर करारनामा, ताबापावती आणि फोटो. अशा कागदाने मालकी मिळत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले. तरी हे कागद होतच राहतात, कारण ते स्वस्त असतात आणि लगेच होतात.

ओपन स्पेसची गोष्ट वेगळी सांगायला हवी. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे 4,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या ले-आउटमध्ये दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. एक एकर म्हणजे 43,560 चौरस फूट. त्याचे दहा टक्के काढले तर दीड हजार फुटांचे जवळपास तीन प्लॉट होतात. नकाशावर तिथे बाग रंगवलेली असते. सगळे प्लॉट संपल्यावर त्या तीन प्लॉटांचा मोह सुटत नाही आणि बागेच्या जागी खांब रोवले जातात. तेव्हा ज्यांनी बागेसमोरचा म्हणून जास्त भाव मोजला, ते कोणाकडे जाणार?

काळ्या मातीचाही विचार व्हायला हवा. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. नाली नसेल तर जुलैत घरापर्यंत दुचाकी जात नाही, पाया मुरमापर्यंत नेला नाही तर भिंती तडकतात. म्हणून मुंबईच्या ग्राहकाला जितकी लिफ्ट महत्त्वाची, तितकाच इथल्या ग्राहकाला ले-आउटचा पक्का रस्ता, नाली, विजेचे खांब आणि पाण्याची जोडणी महत्त्वाची. वाशिम शहर एकबुर्जी प्रकल्पाच्या पाण्यावर जगते. शहराच्या कडेला नवा ले-आउट पडतो तेव्हा तिथे नळ कधी येणार, हा प्रश्न विक्रीच्या वेळीच लेखी उत्तर मागतो. ही सगळी कामे कधी पूर्ण होणार, ते नोंदणीच्या वेळी जाहीर करायला लावण्याचा अधिकार आपल्याला आहे. ग्राहकांकडून आलेल्या रकमेचे सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवून त्याच प्रकल्पावर खर्चायला लावण्याचाही आहे. वाशिमच्या वावरात उभ्या असलेल्या माणसाला हे कोणी सांगितलेले नाही.

कागद कच्चा असला की त्याची किंमत पुढे वर्षानुवर्षे मोजावी लागते. बँक कर्ज देत नाही. प्रधानमंत्री आवास योजनेत शहरातल्या स्वतःच्या जागेवर घर बांधायला केंद्र व राज्य मिळून अडीच लाखांचे अनुदान आहे, पण जागा आपली असल्याचा पुरावा तिथे लागतो. ज्याला या पैशांची सर्वांत जास्त गरज, त्याच्याच हाती नोटरी असते.

विदर्भाला हे नवे नाही. नागपुरात एका पिढीने गृहनिर्माण संस्थांच्या पावत्यांवर शेतांत प्लॉट घेतले. 2001 चा गुंठेवारी कायदा आल्यावर नागपूर सुधार प्रन्यासला आधी 572 आणि मग 1900 अशा आकड्यांनी ओळखल्या जाणाऱ्या ले-आउटचे नियमितीकरण हाती घ्यावे लागले. घरे उभी राहून गेली, मुलांची लग्ने झाली, तरी कित्येकांचे नियमितीकरणाच्या पत्रासाठीचे हेलपाटे संपले नाहीत. वाशिम अजून लहान आहे. नागपूरला मागाहून जे निस्तरावे लागले, ते इथे आधीच टाळता येईल, एवढीच या जिल्ह्याची जमेची बाजू आहे आणि ती फार दिवस टिकणार नाही.

सरकारही मागाहून निस्तरतच आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये तुकडेबंदीच्या वटहुकुमाने जुन्या व्यवहारांना विनाशुल्क नियमित होण्याची वाट मोकळी केली. अडकलेल्या लाखो कुटुंबांसाठी तो निर्णय आवश्यकच होता. पण त्या दिलाशाला 15 ऑक्टोबर 2024 ही सीमा आहे. 'आता तुकडेबंदी उठली, बिनधास्त घ्या' एवढेच वाक्य वावरात पोहोचले, तर या निर्णयाच्या आधारावरच नवे तुकडे विकले जातील.

नुसत्या नोंदणी क्रमांकाने भागत नाही, हे कल्याण-डोंबिवलीने दाखवून दिले. तिथल्या 65 इमारतींनी महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेराचा क्रमांक मिळवला. प्रकरण उघडकीस आले, उच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये त्या पाडण्याचा आदेश दिला, आणि क्रमांक पाहून विश्वासाने घर घेतलेल्यांच्या पायाखालची जमीन सरकली. म्हणून वाशिमसाठी मागणे फक्त क्रमांकाचे नाही. अकृषक आदेश, मंजूर नकाशा आणि भूमी अभिलेखची मोजणीची 'क' प्रत ज्या कार्यालयातून निघते, त्याच कार्यालयाकडून आपण ती थेट पडताळून घ्यावी, असे ते मागणे आहे.

आपल्या संस्थेने बरेच केले आहे, याची जाणीव इथे आहे. ऑगस्ट 2023 पासून जाहिरातीत क्यूआर कोड बंधनकारक केला, तो न देणाऱ्याला 50,000 रुपयांपर्यंत दंड ठेवला. एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. नागपुरात कार्यालय उघडले, सुनावण्या दूरदृश्य प्रणालीने घेतल्या. परंतु यांतल्या बहुतेक गोष्टी आधीच सावध असलेल्या ग्राहकाच्या उपयोगाच्या आहेत. तक्रारीचे शुल्क 5,000 रुपये आहे, आणि तक्रार येते ती पैसे गेल्यावर. नोंदणीकृत करार केल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही असे कलम 13 सांगते. इथे मात्र इसाराच्या साध्या पावतीवर निम्मी रक्कम दिली जाते आणि उरलेली पुढच्या हंगामावर ठेवली जाते.

म्हणून मागणी आहे ती वेळेबद्दल आणि जागेबद्दल. ज्या वावरात विक्री होते, त्या वावरातच रस्त्यावरून वाचता येईल असा मराठी फलक लागायला हवा: गट क्रमांक, अकृषक आदेशाचा क्रमांक व तारीख, महारेरा क्रमांक, ओपन स्पेस दाखवणारा नकाशा आणि रस्ता-नाली पूर्ण होण्याची तारीख. कायद्यातली जाहिरातीची व्याख्या कुठल्याही माध्यमातल्या सूचनेला आणि पत्रकाला लागू आहे, तेव्हा शेताच्या बांधावरचा फ्लेक्स त्यातून सुटू नये. सहाही तालुक्यांच्या दुय्यम निबंधक कार्यालयांत आणि नगरपालिकांत त्या तालुक्यातल्या नोंदणीकृत ले-आउटची यादी कागदावर छापून, दर महिन्याला ताजी करून लावावी. संकेतस्थळावर ती आहेच, पण इसार द्यायला निघालेला शेतकरी संकेतस्थळावर जात नाही. तो तहसील, बाजार समिती आणि रजिस्ट्री ऑफिसच्या आवारात जातो. गावोगावच्या तलाठ्याला आपल्या हद्दीत पडलेला नोंदणी नसलेला ले-आउट कळवण्याची साधी सोय द्यावी. चुन्याच्या रेघा सर्वांत आधी त्यालाच दिसतात.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो खोटा नाही. नोंदणीचा खर्च, वास्तुविशारद, सनदी लेखापाल, वेगळे खाते हे सगळे एक-दोन एकरांच्या ले-आउटवाल्याला जड जाते आणि भाव वाढतो. पण आज नियमाने चालणारा ले-आउटवाला रस्ता करतो, नाली करतो, जागा सोडतो, आणि शेजारच्या वावरात यातले काहीही न करणारा शंभर रुपये फुटामागे कमी लावून त्याचे गिऱ्हाईक पळवतो. प्रामाणिक माणसाला धंद्यात टिकवायचे असेल तर छोट्या भूखंड प्रकल्पांसाठी अर्ज सोपा करावा, मराठीत करावा, आणि तो भरून देणारा मदत कक्ष जिल्ह्याच्या ठिकाणी आठवड्यातून एक दिवस तरी बसवावा. आपली जमीन स्वतःच विकसित करणाऱ्या शेतकऱ्यालाही मग दलालाविना ले-आउट पाडता येईल आणि वाढीव भावातला वाटा त्याच्या घरात राहील.

सुरुवात मालेगाव आणि कारंजा या समृद्धीलगतच्या दोन तालुक्यांपासून करता येईल. प्लॉटचे सर्वाधिक व्यवहार दसरा-दिवाळीला, म्हणजे सोयाबीनचा पैसा हातात आल्यावर होतात, आणि दुसऱ्यांदा पाडवा ते अक्षय्य तृतीयेच्या दरम्यान. येत्या दसऱ्याआधी या दोन तालुक्यांच्या याद्या रजिस्ट्री ऑफिसच्या भिंतीवर लागाव्यात, नोंदणी नसलेल्या ले-आउटवाल्यांना नोटिसा निघाव्यात, आणि जिल्हाधिकारी, नगररचना व भूमी अभिलेख यांच्यासह आपल्या अधिकाऱ्यांची एक बैठक वाशिममध्ये व्हावी. त्या बैठकीत प्लॉट घेतलेल्या आणि घेऊ पाहणाऱ्या लोकांना बोलायला वेळ ठेवावा. आपल्या इसारपावत्या, नोटऱ्या आणि सातबारे घेऊन ते येतील.

कळावे,

वाशिम जिल्ह्यात घरासाठी जागा शोधणाऱ्या कुटुंबांच्या वतीने